अंध आणि डोळस यांच्या मधल्या बाया



आपल्या भाषेत नजरेसाठी दोनच खण आहेत. एक डोळस, दुसरा आंधळा. म्हणी आठवून बघा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ज्यांना अजिबात दिसत नाही अशा थोर माणसांसाठी आपल्याकडे आदराचा शब्दही आहे. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेलेल्या आणि स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवणाऱ्या गुलाबराव महाराजांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो. पण जिला थोडं दिसतं आणि थोडं दिसत नाही, तिच्यासाठी एकही म्हण नाही. तिला आपण "नजर अधू आहे हिची" एवढं म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

अशा नजरेला आज अल्पदृष्टी म्हणतात. चष्मा लावून, औषध घेऊन, शस्त्रक्रिया करूनही जी नजर पूर्ण सुधारत नाही, पण पूर्ण गेलेलीही नसते, ती अल्पदृष्टी. हा शब्द आपल्या देशाच्या कायद्यात यायला १९९५ साल उजाडलं. तोवर या बायांना ना अंधांच्या शाळेत नीट जागा होती, ना डोळसांच्या. आज मी याच शब्दाची गोष्ट सांगणार आहे. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमध्ये आणि चाकणकडच्या गावांमध्ये बचत गटांचं काम करताना मला रोज दिसतं, की नाव माहीत नसलं की मदतीचं दार कुठे आहे तेही कळत नाही.

आधी मोजमाप समजून घेऊ. डॉक्टरांच्या भिंतीवर वर मोठी आणि खाली बारीक होत जाणारी अक्षरं असतात. तो तक्ता हर्मन स्नेलन या नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. आपल्या कागदावर ६/१८ किंवा ६/६० असं लिहिलेलं असतं ते त्याच तक्त्यावरून. ६/६० याचा अर्थ असा, की चांगल्या नजरेची बाई जे अक्षर ६० मीटरवरून वाचते, ते वाचायला हिला ६ मीटरवर यावं लागतं. पुढचे सगळे कायदे, दाखले आणि पेन्शन याच आकड्यांवर ठरतात. म्हणून आपल्या कागदावर कोणता आकडा लिहिलाय, हे प्रत्येकीनं विचारून घ्यावं.

आता जरा मागे जाऊ. आपल्या महाराष्ट्रात अंध मुलांसाठी संघटित काम सुरू झालं ते मुंबईत. अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली अंध मुलांची शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल लिपी ठरली आणि १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, ही संस्था उभी राहिली. पुण्यात कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे. आपल्या अगदी शेजारी, आळंदीला, अंध मुलींची जागृती शाळा आहे. या कामाचं मोल मोठंच आहे. पण ही सगळी व्यवस्था न दिसणाऱ्या मुलांसाठी आखलेली होती. ज्या मुलीला थोडं दिसतं तिलाही तिथे बोटांनीच वाचायला शिकवायचे. गंमत म्हणजे जगभरच्या अंधशाळांतल्या शिक्षकांना एक गोष्ट आढळायची. काही मुलं ब्रेलचे ठिपके बोटांनी चाचपायच्या ऐवजी कागद डोळ्यांजवळ नेऊन चक्क बघून वाचायची!

मग त्यांना बघायला का शिकवत नव्हते? कारण डॉक्टरांनाच भीती वाटायची. अधू नजर वापरली तर ती झिजते, उरलेलीही जाते, असा समज होता. १९०८ साली लंडनमध्ये फार जाड नंबरच्या मुलांसाठी वेगळी शाळा निघाली. नंतर अमेरिकेतही असे वर्ग निघाले. त्यांचं नावच "दृष्टी वाचवण्याचे वर्ग". तिथे बारीक वाचन बंद, लिहायचं ते मोठ्या अक्षरात फळ्यावर, डोळ्यांना होता होईल तेवढी विश्रांती. पैसे गाडग्यात पुरून ठेवावेत तशी नजर राखून ठेवायची.

हा समज मोडला एका शिक्षिकेनं. अमेरिकेत टेक्सासच्या अंधशाळेत नॅटली बरागा शिकवत होत्या. थोडीफार नजर असूनही अंध म्हणूनच शिकवल्या जाणाऱ्या मुलांना त्यांनी बघण्याचा सराव दिला. आकार ओळखणं, चित्रातला फरक शोधणं, मग अक्षरं. १९६४ साली त्यांचा अभ्यास पुस्तकरूपानं आला. तक्त्यावरचा आकडा बदलला नाही, पण आहे त्या नजरेतून मुलं पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कामं करू लागली. वापरल्यानं नजर झिजली नाही, उलट कामाला आली. मैत्रिणींनो, आजही आपल्या घरांत काय ऐकू येतं? "वाचू नकोस, उरलेले डोळे जातील." "शिवण बंद कर." "सूनबाई, तू चुलीपाशी येऊच नकोस." हे प्रेमापोटी म्हणतात, पण जगानं हा समज साठ वर्षांपूर्वी मोडीत काढलाय. बारीक काम केल्यानं डोळे दुखतील, थकतील, त्यांना विश्रांती द्यावी. पण बघितल्यामुळे नजर जात नाही. नजर जाते ती आजारानं, आणि त्या आजाराची तपासणी टाळल्यानं.

आजारांचाही इतिहास आहे, आणि त्यात आपल्या पिंपरीचं नाव येतं. आपल्या आज्यांच्या काळात डोळे जायचे देवी आल्यामुळे, खुपऱ्यांमुळे आणि पोटाला नीट न मिळाल्यामुळे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपल्या तोंडातलं एचए, उभं राहिलं आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. अशा औषधांनी जंतुसंसर्गाशी लढायला हत्यार दिलं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस मिळू लागला. खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या भारतात उरली नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली जाहीर केलं. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं भरू लागली. मोतीबिंदूनं गेलेली नजर शस्त्रक्रियेनं परत येते, म्हणून "मोतीबिंदू आहे, आता काय व्हायचं" असं म्हणून कुणीही घरी बसू नये.

पण आता दुसरे आजार पुढे आलेत. मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब होतो. काचबिंदू बाजूची नजर गुपचूप खात येतो आणि दुखतही नाही. वयामुळे पडद्याच्या मध्यावर डाग पडतो. काही घराण्यांत रातांधळेपणाचा आजार पिढीजात असतो, आणि मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करायच्या आपल्या रीतीमुळे असा आजार पुढच्या पिढीत येण्याची शक्यता वाढते. मधुमेह असलेल्या प्रत्येकीनं वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही.

आता कायद्याकडे येऊ. १९७७ साली केंद्र सरकारनं खालच्या दोन वर्गांच्या नोकऱ्यांत अपंगांना आरक्षण दिलं, त्यात अंधांचा हिस्सा होता. मधल्यांना वेगळं नाव नव्हतं. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेची बँकॉकला एक बैठक झाली, विषय होता मुलांची अल्पदृष्टी. तिथे जी व्याख्या ठरली तिनं प्रश्नच बदलला. उपचारानंतरही नजर कमी आहे, पण एखादं काम आखायला किंवा पार पाडायला ती वापरता येते किंवा येऊ शकते, अशी व्यक्ती म्हणजे अल्पदृष्टी असलेली व्यक्ती. किती गेली याच्या जोडीला उरलेलीचं काय करता येईल, हा विचार त्यात आला. तीन वर्षांनी, १९९५ साली, आपल्या संसदेनं अपंग व्यक्तींचा कायदा केला तेव्हा जवळजवळ हेच शब्द त्यात आले. योग्य साधनाच्या मदतीनं नजर वापरू शकणारी व्यक्ती, असं कायद्यानं म्हटलं. सरकारी नोकरीतला एक टक्का राखीव वाटा "अंधत्व किंवा अल्पदृष्टी" असा दोघांच्या नावानं लिहिला गेला.

त्यानंतरचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यानं आकडे पक्के केले. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/१८ च्या खाली पण ३/६० पर्यंत असेल, किंवा नजरेचा घेर ४० अंशांहून कमी पण १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. बहुतेक योजनांसाठी दाखल्यावर ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण यावरून बायांची फार फरफट होते. एक डोळा पूर्ण गेलाय पण दुसरा चांगला आहे, तर सरकारी मोजणीत ३० टक्केच धरतात. दाखला मिळतो, पण ४० टक्क्यांच्या योजना मिळत नाहीत. एजंट काहीही सांगो, हा हिशेब पैसे देऊन बदलत नाही.

कायद्यातला तो "नजरेचा घेर" घराघरांतली भांडणं सोडवू शकेल इतका महत्त्वाचा आहे. काही जणींची मधली नजर शाबूत असते, पण कडेचं काहीच दिसत नाही. नळीतून बघावं तसं. अशी बाई मोबाईलवरचे बारीक मेसेज वाचते आणि उंबऱ्याला अडखळते. पायाजवळची बादली तिला दिसत नाही. लोक म्हणतात, "फोन बरा दिसतो हिला, काम दिसत नाही." उलट काही जणींची मधली नजर जाते आणि कडेची राहते. ती गर्दीतून नीट चालत येते, पण समोरच्या बाईचा चेहरा ओळखत नाही. तिला "गर्विष्ठ झाली, ओळख देत नाही" म्हणतात. दोघीही नाटक करत नसतात. चाकण एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या, दिवसा व्यवस्थित काम करणाऱ्या आणि रात्री बस स्टॉपपासून घरापर्यंत भिंत धरत येणाऱ्या मुली आहेत. नोकरी जाईल म्हणून त्या बोलत नाहीत. लग्न ठरलेलं असेल तर आईसुद्धा बोलू देत नाही. पण २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढायला किंवा पद उतरवायला मनाई केली आहे. खासगी कारखान्यात हे तसंच्या तसं लागू होत नाही, तरी हातात दाखला असलेल्या बाईला पाळी बदलून मागताना काहीतरी आधार असतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे घरात अंगारे-धुपारे होतात. नजर बरीच कमी झालेल्या काही माणसांना नसलेल्या गोष्टी दिसतात. रिकाम्या खोलीत बसलेली माणसं, लहान मुलं, फुलांची नक्षी. १७६० साली चार्ल्स बॉने या स्विस अभ्यासकानं आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं. नव्वदीला आलेल्या त्या आजोबांची बुद्धी शाबूत होती, नजर तेवढी गेली होती. डोळ्यांकडून चित्र येईनासं झालं की मेंदू आपलीच चित्रं रंगवतो, असं डॉक्टर सांगतात. आजही या अवस्थेला बॉनेचंच नाव आहे. तेव्हा आजी म्हणाली, "कोपऱ्यात बाई उभी आहे," तर बाहेरचं काही बघायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आजीला एवढंच कळलं तरी बरं वाटतं, की मला वेड लागलेलं नाही.

आता आपल्या गटाच्या रोजच्या कामाकडे येऊ, म्हणजे पैशांकडे. जुन्या १०० आणि ५०० च्या नोटांच्या लांबीत १० मिलिमीटरचा फरक होता. हाताला सवय असलेल्या बाया तो बोटांनी ओळखायच्या. २०१६ नंतर नव्या नोटा आल्या. आता १०० ची नोट १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर लांब आहे. एका नोटेपासून पुढचीपर्यंत फरक फक्त ४ मिलिमीटर! म्हणूनच वीस वर्षं हिशेब सांभाळलेली कोषाध्यक्ष एकाएकी म्हणायला लागते, "मला काढा या पदावरून." तिला काढू नका, खुणा शिकवा. या नोटांच्या दोन्ही कडांना तिरप्या उठावदार रेघा आहेत. १०० वर चार, ५०० वर पाच, आणि २०० वर चार रेघांच्या मध्ये दोन गोल. नोट जुनी झाली की उठाव झिजतो, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला आणलेलं मनी नावाचं मोफत अ‍ॅप वापरा. फोनचा कॅमेरा नोटेसमोर धरला की ते किती रुपयांची आहे ते बोलून सांगतं. खरी की खोटी ते मात्र सांगत नाही.

बँकेतलंही सांगते. शिकलेली, सही करणारी बाई, केवळ रेघ दिसत नाही म्हणून अंगठा देते. मग हळूहळू तिचं खातं मुलगा नाहीतर दीर चालवायला लागतो. हे फार वाईट आहे. रिझर्व्ह बँकेनं २००८ सालीच बँकांना सांगितलंय, की दृष्टिबाधित ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग यांपैकी कुठलीही सोय नाकारायची नाही. सहीसाठी एक जाड काळा पुठ्ठा घ्या, त्याला सहीएवढी खिडकी कापा आणि ती रेघेवर ठेवा. सही बरोबर जागेवर पडते. पुढच्या बैठकीत करून बघा.

साधनं म्हटली की लोकांना महागडी यंत्रं आठवतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सॅम्युएल जेनेन्स्की नावाच्या गणितज्ञांनी, जे स्वतः अल्पदृष्टीचे होते, कॅमेरा आणि टीव्ही जोडून पुस्तकाची अक्षरं मोठी करून वाचायची सोय विकसित केली. आज तेच काम आपल्या हातातला फोन करतो. कॅमेऱ्यात औषधाची पट्टी मोठी करून बघा. सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करा, गरज पडली तर टॉकबॅक सुरू करा, फोन वाचून दाखवेल. दिव्याची बैठी भिंगं मिळतात, बसचा नंबर वाचायला एका डोळ्याची छोटी दुर्बीण मिळते. पण कुठलं भिंग कुणाला, हे अल्पदृष्टीची तपासणी केल्यावरच ठरतं. शेजारणीचं भिंग आपल्याला चालेलच असं नाही. मोठ्या नेत्र रुग्णालयांत अल्पदृष्टी विभाग असतो का, ते नाव घेऊनच विचारा. १९८१ पासून चालत आलेल्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून गरजूंना साधनं मिळतात.

घरातले उपाय तर बिनपैशाचे आहेत. तांदूळ काळ्या ताटात निवडा, उडीद-मसूर पांढऱ्या ताटात. जिन्याच्या पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा. दिवा समोरून डोळ्यांवर येऊ देऊ नका, खांद्यामागून कामावर येऊ द्या. आणि घरातली वस्तू जागची हलवली तर तिला सांगा.

आता आपल्या भागात कुठे जायचं ते. दाखल्यासाठी युडीआयडी, म्हणजे स्वावलंबन कार्डाचा अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणीसाठी सरकारी रुग्णालय निवडायचं. आपल्याला वायसीएम, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून जवळ पडतं. आधार, फोटो आणि डोळ्यांचे जुने कागद जवळ ठेवा. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या बायांनी महापालिकेच्या ज्या विभागात आपण गटाच्या कामासाठी जातो तिथेच दिव्यांगांच्या योजना विचाराव्यात. मोरवाडीला महापालिकेचं दिव्यांग भवनही आहे. चाकण, खेडकडच्या मैत्रिणींनी ग्रामसभेत विचारावं, की ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी कुठे खर्च झाला. निराधार बायांसाठी संजय गांधी अनुदान योजना तहसीलमधून मिळते. एसटीच्या तिकिटात सवलत आहे. मुलांचं म्हणाल, तर २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत आणि शाळेत येते, तेव्हा मूल गैरहजर ठेवू नका. पुस्तक नाकाला लावणारं, फळ्यावरचं न दिसणारं मूल "ढ" नसतं. दाखला असलेल्या मुलाला दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करावं. हजेरी घेतानाच विचारावं, चष्मा लावूनही कुणाला नोट, चेहरा किंवा पायरी दिसायला त्रास होतो का? जी हात वर करेल तिची बैठकीतली जागा खिडकीकडे पाठ करून असू द्या, म्हणजे उजेड वहीवर पडेल. गटातल्या एकीनं तिच्याबरोबर रुग्णालयात जावं, कारण एकटी बाई एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरून दुपारी परत येते आणि पुन्हा जात नाही. आणि तिचं गटातलं काम कुणी काढून घेऊ नये. काम कसं सोपं करायचं, ते तिलाच विचारावं.